सहा ठिपके

सिहोरा, ३ सप्टेंबर २०२४

केवळरामदादा,

पोळ्यामुळे मिल दोन दिवस बंद आहे, म्हणून आज लिहायला बसले. तसं मार्चपासून बऱ्याचदा बसले आणि उठले. माझा फोन तुम्ही उचलत नाही. खुशबूच्या फोनवर केला तर ती "बाबा स्टँडवर गेलेत आत्या" म्हणते, आणि तिच्या आवाजावरून कळतं की तुम्ही तिथेच बसलेले आहात. वरठीचा, तिच्या सासरचा पत्ता तिनेच दिला. तिला रागावू नका.

स्टेशनासमोरच्या सायकल-मोटरसायकलच्या स्टँडवर तुम्ही टोकन देता, असं ती म्हणाली. मी फोन ठेवला.

मला सगळं क्रमाने लिहायचं आहे, तुम्हाला ठाऊक असलेलंही. क्रम सोडला की मी सोयीचं तेवढंच लिहिते, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

आपल्या मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या सहा टाक्या. धान गरम पाण्यात भिजवायचं, वेळेवर पाणी काढायचं, वाफ द्यायची, मग वाळवून भरडायचं. पाणी लवकर काढलं तर दाणा पोटात कच्चा राहतो, उशीर झाला तर धान आंबतं. बावीस वर्षं ते तुम्ही सांभाळलं. चार वर्षांपूर्वी शेठनी टाक्यांना वेळ आणि तापमान मोजणारी यंत्रं बसवली. आकडे माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर यायला लागले, आणि तीच स्क्रीन टाक्यांच्या चौथऱ्यावर लावलेल्या टीव्हीवर दिसायला लागली.

कॉम्प्युटर जुना, शेठ नवा घेईनात. भंडाऱ्याच्या कारागिराने त्यावर लिनक्स टाकलं आणि एक हलका विंडो मॅनेजर, म्हणजे स्क्रीनवर काय कुठे उभं राहील ते ठरवणारा प्रोग्राम. त्याला सेटिंगची बटणं नाहीत. एक साधी फाईल असते, तिच्यात आपण लिहायचं: हा विजेट म्हणजे ही चौकट वर, तो उजवीकडे, याची रुंदी इतकी, याचा रंग अमुक. फाईल सेव्ह करून दोन कळा दाबल्या की सगळी मांडणी बदलते. कारागीर जाताना म्हणाला होता, "मॅडम, याले हात नका लावू." मी सहा महिन्यांत ती फाईल ओळ न ओळ शिकले.

प्रत्येक टाकीसाठी एकाखाली एक तीन चौकटी मीच मांडल्या होत्या. वरची 'भिजत', मधली 'पाणी काढा', खालची 'वाफ'. जिची पाळी ती उजळायची. तुम्ही सगळे त्यांना डब्बे म्हणायचे. चार वर्षं त्यावर काम झालं आणि एक टाकी वाया गेली नाही.

३ मार्चला, रविवारी, मी ते बदललं. अठरा डब्यांच्या जागी सहा ठिपके. लाल म्हणजे भिजतंय, पिवळा म्हणजे पाणी काढा, हिरवा म्हणजे वाफ. १४ मार्चला चार नंबरचं पाणी निघालं नाही आणि पाचचं वेळेआधी निघालं. चारचं धान आंबलं, पाचची भरडताना कणी झाली. तुम्ही घरी गेलात. मी अजून त्याच खुर्चीवर आहे.

बदल चांगल्या हेतूने होता, एवढं मला सांगायचं आहे. गर्दी कमी व्हावी, लांबून एका नजरेत कळावं. तुम्ही रंग बघत नाही, जागा बघता, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी हात लावला नसता.

दिवाळीनंतर नवं धान येईल. शेठ टाक्या कायमच्या टाक्यांवरच्या त्या पोराकडे, पिंटूकडे देणार म्हणतात. त्याआधी तुम्ही एकदा या.

तुमची,
चंदा


सिहोरा, १२ सप्टेंबर

दादा,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. "मला माहीत नव्हतं" हे.

मी रोज डायरी लिहिते ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही चिडवायचे, "आज भाजीत मीठ जास्त झालं तेही लिवते काय वो चंदे?" परवा मी पेटीतून जुन्या डायऱ्या काढल्या. मी निर्दोष आहे याचा पुरावा शोधायला काढल्या होत्या, हेही सांगायला हवं. २०११ च्या जानेवारीत हे सापडलं. जसं आहे तसं उतरवते:

"आंबागडला मावशीच्या वाडीत मिरच्या तोडल्या. केवळरामदादा एकेक मिरची चिमटीत दाबून बघतात. मी म्हटलं, लालच तोडायच्या ना, दिसतात की. म्हणाले, 'तुले दिसतात. मले हाताले समजते.' लाल-हिरवं त्यांना वेगळं दिसतच नाही, लहानपणापासून. म्हणाले, 'मिलमधी कोणाले सांगजो नको.' वचन दिलं."

वचन दिलं. हे दोन शब्द माझ्या अक्षरात आहेत आणि खाली रेघ ओढलेली आहे.

मग मी स्वतःला म्हटलं, तेरा वर्षांत विसरले असेन. हा आधार मी दोन दिवस वापरला. तिसऱ्या दिवशी तोही गेला. कारण विसरले असते तर चार वर्षांपूर्वी ते डबे एकाखाली एक का मांडले असते? कारागिराने तर प्रत्येक टाकीला एकच दिवा ठेवला होता, रंग बदलणारा. तो मीच काढला होता. तुमच्यासाठी काढला होता, तुम्हाला न सांगता, आणि तुम्ही लांबून बघून "दोनचं पाणी काढा रे" असं ओरडलात की मला मनातून फार बरं वाटायचं. मी एका माणसाची लाज झाकली आहे, असं वाटायचं. ती उघडीही मीच केली.

५ मार्चची गोष्ट तुम्ही कुणाला सांगितली नसेल. मी चौथऱ्यावर चहा घेऊन उभी होते. तुम्ही टीव्हीकडे बघत म्हणालात, "चंदे, डब्बे कुठं गेले वो?"

"काढले दादा. आता सोपं झालं. फक्त रंग पाहायचा."

"फक्त रंग?"

"हो."

सुखराम बाजूला पोती लावत होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं हाय," म्हणालात.

सुखराम होता म्हणून तुम्ही पुढे विचारलं नाही, हे मला तिथेच कळलं. नंतर कळलं असं मी आजवर स्वतःलाही सांगत आले. तिथेच कळलं. मी चहा संपवला आणि ऑफिसात जाऊन बसले. परत डबे आणायला दहा मिनिटं लागली असती. जुनी फाईल मी जपून ठेवली होती.

का आणले नाहीत, ते या पत्रात लिहवत नाही.

चंदा


सिहोरा, २५ सप्टेंबर

दादा,

पत्रं परत आली नाहीत, म्हणजे पोचतात. तुम्ही फाडून टाकत असलात तरी मी लिहिते.

इंटरनेटवर एक जागा आहे. जगभरातले लोक तिथे आपापल्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे फोटो टाकतात. कुणी कशी मांडणी केली, कोणते रंग घेतले, पट्टी वर ठेवली की खाली. इतर लोक वाहवा करतात, नाहीतर चुका काढतात. जेवणाच्या सुटीत मी ते बघायला लागले. आधी नुसती बघायची, मग शिकायला लागले. रंग सहा अक्षरी आकड्यांनी लिहितात; मला भाजीवाल्याकडचं वांगंही आकड्यात दिसायला लागलं होतं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, तुमसरच्या कॉलेजातून बीकॉम, आयुष्यात कधी कुठल्या स्पर्धेत नाव दिलेलं नाही. मला वाटलं, एकदा आपलीही स्क्रीन तिथे टाकावी.

आपली स्क्रीन मी त्यांच्या नजरेने बघितली. अठरा चौकटी, त्यात मराठीत 'पाणी काढा', 'पाणी काढा', 'पाणी काढा'. मला ती गावठी वाटली. हा शब्द माझ्या मनात आला, म्हणून लिहिला.

म्हणून ठिपके. रंग ठरवायला मला तीन रविवार लागले. भडक लाल नको, डोळ्यांना टोचतो. वीट जुनी झाली की दिसते तसा लाल, हळदीचा हात धुतल्यावर राहतो तसा पिवळा, बांधावरच्या वाळत्या गवतासारखा हिरवा. तिन्ही सारखेच मंद, एकही दुसऱ्याहून उजळ नाही. त्यावर मी खास मेहनत घेतली होती. फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत दोनशेच्या वर लोकांना आवडला. एकाने लिहिलं, किती शांत आहे हे. दुसऱ्याने विचारलं, हे ठिपके काय दाखवतात?

मी लिहिलं, हवामान.

धान लिहायची मला लाज वाटली, दादा. ज्या धानावर माझं घर चालतं, ते.

पाच तारखेला तुम्ही विचारलं तेव्हा फोटोखाली अजून लोक लिहीत होते. एकाने तर विचारलं होतं, ही मांडणी तुम्ही खरंच रोज वापरता की फोटोपुरती? मी "रोज" असं उत्तर दिलं होतं. ते खरं राहावं म्हणून मी डबे परत आणले नाहीत. याहून मोठं कारण मला सापडत नाही, आणि मी खूप शोधलं.

परवा मी त्या फोटोतले रंग काढून तो नुसता करडा केला. सहा ठिपके. सहाही सारखे. कुठला कोणता, ते मला सांगता येईना, आणि बनवले मीच होते. मग मला समजलं की तुम्ही अकरा दिवस यावर टाक्या चालवल्या आणि चुकलात फक्त एकदा.

आता धान नासल्यावर शेठच्या कॅबिनमध्ये झालं त्याबद्दल. माझ्याकडून ते कसं झालं तेवढं लिहिते. शेठ विचारत होते, "केवळराम, चार नंबर काहून नाही काढला?" सुखराम म्हणाला, "टीव्हीवर तं साफ दिसत होतं शेठ." मग शेठनी विचारलं, "टीव्हीत काही फरक केला का कुणी?" आणि ते माझ्याकडे वळायच्या आत मी बोलले, "त्यांना रंग दिसत नाहीत. लहानपणापासून."

घरी येऊन डायरीत मी लिहिलं, दादांवरचा निष्काळजीपणाचा आरोप टळावा म्हणून सांगावं लागलं. ते पान मी आज वाचलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आहे. खोटं लिहिताना मी सावकाश लिहिते.

शेठनी टेबलावरचं शाईचं पॅड उचलून तुमच्यासमोर धरलं. "हे लाल की हिरवं?"

तुम्ही म्हणालात, "तुमाले दिसते ते."

पिंटू हसला. मी खाली बघत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत की नाही, मला माहीत नाही. हे खरंच माहीत नाही.

चंदा


सिहोरा, ९ ऑक्टोबर

दादा,

काल शेठना सांगितलं. सगळं: मांडणी मी बदलली, तुम्हाला दिसणार नाही हे ठाऊक असून बदलली, तुम्ही विचारलं तरी परत केली नाही. उभी राहूनच सांगितलं. राजीनामा लिहून नेला होता, तो पुढे ठेवला.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक है चंदाबाई. चूक तुमची, मानलं. पण त्याला रंग दिसत नाही हे खरं का खोटं?"

"खरं."

"मग? उद्या बॉयलरचा लाल दिवा लागला तर?"

"तो दिवा कुठे आहे ते त्यांना माहीत आहे. बावीस वर्षं जागेवरूनच ओळखतात."

"मला माहीत नव्हतं तोवर चाललं. आता माहीत आहे ना. काही झालं तर लोक मला विचारतील, माहीत असून उभा कसा केला?"

स्क्रीनबद्दलचं खरं मी आता सांगितलं, त्याने मार्चमधलं बोलणं पुसलं जात नाही. तेही खरंच होतं. खऱ्या गोष्टीने एखाद्याचा घात करता येतो, हे मी चाळिशी ओलांडल्यावर स्वतःच्या हाताने शिकले.

शेठ म्हणाले, गेटवर चौकीदाराची जागा आहे, येतो का विचारा. मी नको म्हणायला हवं होतं. मी "विचारते" म्हणाले. विचारलं, असं समजा.

माझा राजीनामा त्यांनी पेपरवेटखाली सरकवला. "हंगाम होऊ द्या. तुम्ही गेल्यावर हे मशीन कोण बघेल?" बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटलं. वाटलं, की खरं बोलल्यामुळे असेल. घरी येईपर्यंत कळलं की नोकरी वाचली म्हणून वाटलं होतं.

डबे मी परत मांडले आहेत, पूर्वीसारखे, अक्षरांसकट. ही काही मोठी गोष्ट नाही, पण मी ती केली हे तुम्हाला कळावं असं मला वाटतं. का वाटतं, ते विचारू नका.

चंदा


वरठी, २० ऑक्टोबर

चंदे,

मी सांगून राहिलो, तुयी वहिनी शकुन लिवून राहिली. तुये चारही पत्रं भेटले. पोस्टमन स्टँडवर येते आन् मोठ्यानं नाव घेते. मंग सारे विचारतात, कोणाचं होय, लव लेटर होय काय बुढ्या? तं आता धाडू नको.

शेठले सांगजो, चौकीदारी तुमची तुमाले. मले टाक्याही नाही पायजे. इथं बरं हाय. गाडीवाला मनते, माही लाल गाडी काढ. मी मनतो, बाप्पा, नंबर सांग, लाल इथं पन्नास हायेत. कोणी हसत नाही.

तू लिवलं का अकरा दिवस कसे चालवलो. वासानं चालवलो. झाकनापाशी नाक नेलं का धान सांगते. चौदा तारखेले मले सर्दी झाली होती. एवढंच झालं.

मिरच्याचं तुले याद हाय, मले याद नव्हतं. तुले सांगतलो होतो हेच मी इसरलो होतो. मले वाटे तुले आपसूक समजलं आसन, म्हून डब्बे तसे लावले. मी शकुनले मनत होतो, चंदा हुशार हाय, इचारत नाही, समजून घेते.

कॅबिनमधी तू बोलली ते मी माफ केलो असं लिवत नाही. खोटं कायले लिवू.

पन शेठले सांगून काय होते? शेठ मले आंधळा मनत नाही. आपले लोकं मनतात. दसऱ्याले सिहोऱ्याचा एक जन खुशबूच्या सासरी आला आन् साऱ्याईसमोर मनला, हेच काय ते आंधळे मिस्त्री? आता माही नात बोटं दाखवते आन् इचारते, आबा, हे किती?

तं तू असं कर. जेवनाच्या सुटीत साऱ्याईच्या समोर सांग. जनाबाई, सुखराम, पिंटू, सारे हमाल. ऑफिसात बलावजो नको. ते जिथं बसून जेवतात तिथं जा. काय केलं आन् काहून केलं. झालं का एक पत्र धाड. तेवढं एक चालते.

शकुन मनते तब्येत सांभाळजो असं लिवू काय. लिव मनलो.

केवळराम


सिहोरा, ८ नोव्हेंबर

दादा,

आज सांगितलं.

दिवाळीनंतर मिल सहा तारखेला उघडली. त्या दिवशी मी सगळे जेवतात त्या शेडपर्यंत जाऊन परत आले. म्हटलं, अजून सगळे आलेले नाहीत. काल सगळे आले होते. काल मी गेलेच नाही. आज गेले.

चौदा वर्षांत मी एकदाही तिथे जेवले नाही, हे मला तिथे पोचल्यावर लक्षात आलं. माझा डबा ऑफिसातच उघडायचा. कुठे बसायचं तेही कळेना. सुखराम म्हणाला, "बाई आज इकडं कशा? पंखा बंद पडला काय?" जनाबाईने पोतं झटकून दिलं. मी बसले नाही. बसून बोलता येणार नाही असं वाटलं.

मी म्हटलं, केवळरामदादांबद्दल सांगायचं आहे. त्यांची चूक नव्हती. डबे मी काढले. त्यांना लाल-हिरवं कळत नाही हे मला तेरा वर्षांपासून माहीत होतं, त्यांनी विश्वासाने सांगितलं होतं. त्यांनी मला विचारलं की डबे कुठे गेले, आणि मी म्हटलं फक्त रंग बघा. मग कॅबिनमध्ये स्वतः वाचायला त्यांचं गुपित फोडलं.

पिंटू भाकरी हातात धरून होता.

जनाबाई म्हणाली, "पन तू काढली काहून ते डब्बे?"

"सोपं व्हावं म्हणून."

बघा दादा. तुमचं पत्र पर्समध्ये होतं, 'काहून केलं' हे त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि तोंडातून तेच जुनं वाक्य आलं.

"सोपं कोनाले?" ती म्हणाली. "मले वाचता येत नाही तरी समजे. वरचा पेटला का धान भिजून राहिलं, खालचा पेटला का वाफ. टिकल्या आल्या तवापासून मीच पिंट्याले विचारत होती."

मग मी फोन काढला आणि तो फोटो दाखवला. सांगितलं की हा लोकांना दाखवायचा होता, परदेशातल्या, मी न पाहिलेल्या. बायकांनी हात पदराला पुसून फोन घेतला. एकीकडून दुसरीकडे गेला. "चांगलं दिसते," एक नवी बाई म्हणाली. सुखरामने डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "यात धान कुठं हाय?"

"ठिपके आहेत ते टाक्यांचे."

"आन् त्या लोकाईले तू काय सांगतली?"

"हवामान."

"हवामान!" पिंटू जोरात हसला. मग सगळेच हसले, पाणी पिता पिता एकाला ठसका लागला. मला वाटत होतं की ते रागावतील, त्याची तयारी मी करून गेले होते. हसण्याची नव्हती. जनाबाई तेवढी हसली नाही.

"त्याचं नाव आंधळा पडलं, आठ महिने झाले पोरीच्या घरी राहून राहिला, ते याच्यापायी?"

"हो."

"याच्याच पायी?"

"हो."

तिने फोन मला परत दिला, पालथा करून.

सुखराम खाली बघून म्हणाला, "त्या दिवशी मी बाजूलेच होतो. डब्बे कुठं गेले मनून विचारलं त्यानं, मी आयकलो. मले वाटलं बुढा उगाच कटकट करून राहिला. आंधळा मिस्त्री नाव मीच काढलो." मग म्हणाला, "त्याले हे बी लिवजा."

लिहिलं.

"लिव," जनाबाई म्हणाली. "आमी आयकलो मनून लिव. सारे होते मनून."

ती म्हणाली म्हणून नावं देते, कुणी विचारलं तर तुमच्याजवळ असावीत: जनाबाई, सुखराम, पिंटू, गोदावरीबाई, रिता, हमालांपैकी नऊ जण, आणि ती नवी बाई, जिचं नाव मी अजून विचारलेलं नाही. माझ्याबद्दल ते नंतर काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते माझं माझ्याकडे राहू द्या.

मी माफीबद्दल काही लिहिणार नाही. तुम्ही खोटं लिहिलं नाही, तर मी मागून तुम्हाला अडचणीत कशाला टाकू.

फक्त एक गोष्ट अजून आहे. चार वाजता पिंटू ऑफिसच्या दारात आला. आत येईना. म्हणाला, "बाई, केवळरामकाकाचा पत्ता द्या." मी विचारलं, कशाला. म्हणाला, "टाक्या माह्याकडे देल्या शेठनं. मले टीव्ही समजते, धान समजत नाही. काल दोन नंबर उघडला तं काय करू समजेना. त्याईले विचाराचं हाय." मग म्हणाला, "हाकलतीन काय मले?"

मी म्हटलं, मला सांगता येत नाही.

पत्ता लिहून दिला आहे. तो रविवारी सकाळच्या गाडीने येईल. कॅबिनमध्ये तो हसला होता, हे मी मागे लिहिलंच आहे; त्यालाही आठवतं, म्हणून तो दारात उभा होता. त्याला शिकवायचं की स्टँडवरूनच परत पाठवायचं, ते तुम्ही बघा.

चंदा